चार्जरची वायर आणि तिला बांधणाऱ्या पट्ट्या : पार्श्वभूमी

लॅपटॉपच्या चार्जरची वायर कशाने बांधावी, हा प्रश्न नाशिकच्या घरांत खऱ्या अर्थाने शिरला तो २०२० च्या टाळेबंदीनंतर. तोवर बऱ्याच जणांचा चार्जर ऑफिसच्या टेबलाखाली पडून असे. पुढे तो रोज सॅकमधून ये-जा करू लागला. म्हणजे दिवसातून दोनदा गुंडाळायचा आणि दोनदा सोडायचा.

सातपूर-अंबडच्या कामगारवस्तीत हाताशी असलेली बांधणी म्हणजे नायलॉनचा केबल टाय, म्हणजे ओढून आवळायची दातेरी पट्टी. विजेच्या पॅनेलचे वायरिंग करणाऱ्याच्या खिशात चार-पाच टाय असतातच. हा टाय अमेरिकेत १९५८ साली विमानांच्या वायरिंगसाठी निघाला. त्याआधी वायरींचे जुडगे मेणदोऱ्याने बांधत आणि गाठी आवळून आवळून हात सोलवटत. टायचा दाता एकदा अडकला की मागे येत नाही. पॅनेलमध्ये हाच त्याचा गुण, कारण तिथली वायर वर्षानुवर्षे जागची हलत नाही. चार्जरला मात्र तो घातकच. प्रत्येक वेळी कापावा लागतो, कटर वायरीच्या वेष्टनाला लागतो, आणि बहुतेक जण तो गरजेपेक्षा जास्त आवळतात.

आवळणे वाईट का, हे वायर आतून कशी असते त्यावरून कळते. लॅपटॉपकडे जाणाऱ्या वायरीत बहुधा मधोमध तारांचा एक गाभा, त्यावर इन्सुलेशन आणि त्याभोवती बारीक तारांचे वेटोळे असते. अडॅप्टरच्या, म्हणजे चार्जरच्या ठोकळ्याच्या, तोंडाशी ती रोज त्याच जागी दुमडली की बाहेरच्या तारा एकेक करून तुटतात. काही लॅपटॉपच्या पिनेत चार्जरची ओळख पटवणारी वेगळी तार असते. ती तुटली तर लॅपटॉप चालू राहतो, पण बॅटरी भरत नाही. अशा वेळी चांगली बॅटरी बदलली जाते आणि दोष वायरीतच राहतो. हे फार वेळा घडते.

उत्पादकांनीही उपाय करून पाहिले. एका अमेरिकी कंपनीने १९९९ मध्ये वायर पोटाभोवती गुंडाळता येईल असा गोल चार्जर दिला, पुढे चौकोनी चार्जरला उघडमिट करणारे दोन कान दिले. वायर नीट राहायची, पण कानांवर ताणून गुंडाळली की तोंडाशीच तुटायची. यूएसबी-सी, म्हणजे नव्या फोनला असते तशा कशीही उलटसुलट बसणाऱ्या पिनेचे, चार्जर आल्यावर कान गेले. इतरांनी वायरीलाच रबरी किंवा वेल्क्रोची छोटी पट्टी जोडली. माझ्या मते हा उपाय जास्त शहाणपणाचा.

आता 'वेल्क्रो' या शब्दाचा गुंता. आघाड्याची फळे जशी धोतराला चिकटतात, तशीच आल्प्समधल्या एका झुडपाची बोंडे कुत्र्याच्या केसांत अडकलेली एका स्विस अभियंत्याने १९४१ मध्ये पाहिली. पेटंट १९५५ मध्ये मिळाले. फ्रेंचमधल्या मखमल आणि आकडी या अर्थाच्या दोन शब्दांची सुरुवात जोडून नाव झाले. पेटंट १९७८ मध्ये संपले, नावावरचा हक्क मात्र राहिला. सगळ्याच पट्ट्यांना हे नाव लावू नका, अशी विनंती कंपनीने २०१७ मध्ये चक्क गाण्याच्या व्हिडिओतून केली. मराठीत दुसरा शब्द रुळलेलाच नाही. 'चिकटपट्टी' मागितली तर स्टेशनरीवाला सेलोटेप देतो. 'आकडापट्टी' म्हणावे, तर विजेच्या संदर्भात 'आकडा' या शब्दाला चोरीचा अर्थ जडला आहे. शिवणसामानाच्या दुकानात वेल्क्रो मागितले की मीटरवर मिळते, पण हुकांची पट्टी वेगळी आणि मऊ पट्टी वेगळी, दोन्ही कापडावर शिवायच्या. वायरीला हवी ती एका बाजूला हुक आणि पाठीला मऊ अशी दुहेरी पट्टी. शब्द एकच असल्याने लोक चुकीची घेऊन येतात, गोंदाने वायरीला डकवतात, आणि उन्हाळ्यात गोंद सुटून वायर चिकट होते. म्हणून दुकानात 'वेल्क्रोची दुहेरी पट्टी, वायरसाठी' असे पूर्ण म्हणावे.

पट्टी कोणतीही असो, अडॅप्टरपाशी वायरीचा एक सैल फेर सोडून मगच गुंडाळायला सुरुवात करावी. दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागेत कोवळी वेल सुतळीने बांबूला बांधताना गाठ सैलच ठेवतात, कारण घट्ट बांधली तर वाढत्या खोडाला सुतळी काचते.

यूएसबी-सीचा आराखडा २०१४ मध्ये जाहीर झाला, २०२१ मध्ये त्यातून २४० वॉटपर्यंत वीज देण्याची सोय झाली. भारताच्या मानक संस्थेनेही तो जानेवारी २०२३ मध्ये स्वीकारला. युरोपात विकल्या जाणाऱ्या लॅपटॉपना २८ एप्रिल २०२६ पासून तो बंधनकारक. या पद्धतीत वायर बहुधा चार्जरपासून सुटी होते. तुटली तर तेवढीच बदलायची. पण सुट्या वायरीबरोबर पट्टी क्वचितच येते. येते ती प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली बारीक तार. ती खोक्यातल्या प्रवासापुरतीच असते, चार दिवस पिळली की तुटते आणि तिचे टोक वायरीत घुसते.