किशोरांचे मन आणि मदतीचे अंतर

किशोरवयीन मुलांचे मानसिक आरोग्य शहरात अधिक बिघडते की खेड्यात, असा प्रश्न वारंवार विचारला जातो. परंतु माझ्या मते त्याहून महत्त्वाचे हे, की त्यांचा त्रास कोणाच्या लक्षात येतो आणि मदत किती लांब असते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार १० ते १९ वर्षे वयोगटातील दर ७ जणांपैकी एकाला मानसिक विकार असतो. या वयात भावनांशी संबंधित मेंदूची केंद्रे अतिशय संवेदनशील असतात, तर त्यांना आवर घालणाऱ्या प्रीफ्रंटल कॉर्टेक्सची वाढ पंचविशीपर्यंत चालू राहते. त्यामुळे असह्य क्षण आणि त्या क्षणी हातून घडणारी कृती यांच्यामध्ये विचाराला फार थोडा अवसर मिळतो.

शहरी जीवनाचा ठसा मेंदूवर दिसतो, हे २०११ साली जर्मनीतील एका संशोधनाने दाखवले. गणिते सोडवत असताना प्रतिकूल शेरे ऐकावे लागलेल्या निरोगी व्यक्तींच्या मेंदूची चित्रे घेतली असता, शहरात राहणाऱ्यांमध्ये भीतीशी निगडित असलेला अमिग्डाला अधिक सक्रिय आढळला; ज्यांचे बालपण शहरात गेले होते, त्यांच्यामध्ये मात्र ताणाचे नियमन करणाऱ्या सिंग्युलेट कॉर्टेक्सच्या एका भागात फरक दिसला. डेन्मार्कमध्ये ९ लाखांहून अधिक लोकांच्या नोंदी अभ्यासल्या गेल्या, तेव्हा बालपणी आसपास सर्वांत कमी हिरवळ लाभलेल्यांना पुढे मानसिक विकार होण्याचा धोका ५५ टक्क्यांपर्यंत अधिक असल्याचे २०१९ साली प्रसिद्ध झाले. अर्थात हा संबंध आहे. हिरवळीचा अभाव हेच कारण, असे त्यावरून सिद्ध होत नाही.

म्हणून खेडे सुरक्षित मानणे मात्र घातक ठरेल. अमेरिकेत १९९६ ते २०१० या काळात १० ते २४ वर्षे वयोगटातील आत्महत्यांचा दर ग्रामीण भागात शहरांच्या जवळजवळ दुप्पट होता. ग्रामीण भागात तज्ज्ञ मोजके असतात, उपचारांसाठी दूर जावे लागते आणि सगळे एकमेकांना ओळखत असल्याने बोभाटा होण्याची धास्ती असते. मुलगी अबोल झाली, तर ‘वयच तसे आहे’ म्हणून विषय संपतो. जेथे निदान करणारेच नाहीत, तेथील रुग्णांचा कमी आकडा हा आरोग्याचा पुरावा कसा मानावा?

घातक साधन हाताशी असणे हाही ग्रामीण भागातील मोठा धोका आहे. श्रीलंकेने अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी घातल्यानंतर १९९५ ते २०१५ या काळात तेथील आत्महत्यांचे प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी घटले. ही घट केवळ किशोरांची नव्हे. तरीही, आवेगाचा क्षण ओसरेपर्यंत विष हाती न लागणे याचे मोल या वयात सर्वाधिक असावे, असे मला वाटते.