हार्ड, हार्डली आणि आपला 'च'

नोकरीसाठी केलेला एक अर्ज मध्यंतरी माझ्याकडे तपासायला आला. त्यात मुलीने लिहिलं होतं, 'आय विल वर्क हार्डली'. तिला म्हणायचं होतं की मी जीव तोडून काम करीन. वाचणाऱ्याच्या मनात मात्र जवळपास उलटाच अर्थ उमटतो, कारण हार्डली म्हणजे 'जेमतेम, नसल्यासारखंच'. तिने तर शाळेत शिकलेला नियम चोख पाळला होता. विशेषणाला 'ली' लावली की क्रियाविशेषण तयार होतं, क्विकचं क्विकली होतं, तसंच हार्डचं हार्डली.

नियम इथे फसतो त्याला कारण आहे. हजारएक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत विशेषणापुढे नुसता एक 'ए'सारखा स्वर जोडला की क्रियाविशेषण व्हायचं. पुढे बोलता बोलता शब्दाच्या शेवटचा तो स्वर झिजून गेला आणि हार्ड, फास्ट यांची विशेषणं आणि क्रियाविशेषणं दिसायला एकसारखी झाली. 'ही वर्क्स हार्ड' यात म्हणूनच काहीही राहून गेलेलं नाही. ली लावलेला हार्डली पूर्वी 'जोराने', 'कष्टाने' अशा अर्थानेही वापरात होता. 'कष्टाने' म्हणता म्हणता तो 'कसाबसा'वर आणि तिथून 'जेमतेम'वर सरकला. लेट म्हणजे उशिरा, पण लेटली म्हणजे हल्ली. नियर म्हणजे जवळ, पण नियरली म्हणजे जवळजवळ. अशा जोड्या मोजक्याच आहेत. त्या पाठ कराव्यात, इलाज नाही.

ही 'ली' मुळात आली कुठून, तेही बघण्यासारखं आहे. जुन्या इंग्रजीत 'लीच' म्हणजे देह. एखाद्या गुणाला देह जोडला की 'त्या रूपाचा' असा अर्थ व्हायचा. फ्रेंडली म्हणजे मित्राच्या रूपाचा. फ्रेंडली आणि लव्हली 'ली' असूनही विशेषणंच राहिली ती यामुळे. 'सारखा' या अर्थाचा लाईक हा शब्दही त्याच मुळाचा. इंग्लंडमधल्या जुन्या चर्चच्या आवाराला छपराचं एक फाटक असतं, तिथे अंत्यविधीसाठी आणलेला देह थोडा वेळ टेकवत. त्या फाटकाला आजही लिचगेट म्हणतात.

इंग्रजीने देह घेतला, तर लॅटिनच्या लेकींनी मन घेतलं. फ्रेंचमधला 'मां' आणि स्पॅनिशमधला 'मेंते' हे प्रत्यय लॅटिनच्या 'मेन्ते' म्हणजे 'मनाने' या शब्दातून आले, आणि त्याचं मूळ आपल्या 'मनस्'शी एकच आहे. 'सावकाश आणि स्पष्टपणे' हे स्पॅनिश माणूस 'लेंता इ क्लारामेंते' असं म्हणतो. दोन्ही शब्दांना मिळून मेंते एकदाच, शेवटी. तो कधीकाळी सुटा शब्द होता, याची ही खूण. आपण 'शांत चित्ताने' म्हणतो तीच ही घडण.

मराठीत मात्र पुष्कळदा प्रत्यय लागतच नाही. 'ती सुंदर गाते' यातला सुंदर हा शब्द विशेषण असो की क्रियाविशेषण, तसाच राहतो. 'तो चांगला खेळतो, ती चांगली खेळते' यात तर तो कर्त्याच्या लिंगाप्रमाणे बदलतो. 'शी सिंग्ज ब्युटिफुल' हे वाक्य आपल्या तोंडून इतक्या सहज निघतं ते यामुळे. त्यात अक्कल कमी असण्याचा प्रश्नच नाही, मातृभाषा आपलं काम करत असते.

वाक्यात क्रियाविशेषण कुठे ठेवायचं, त्या जागेचंही तसंच. 'ती इंग्रजी अस्खलित बोलते' आणि 'ती अस्खलित इंग्रजी बोलते' ही दोन्ही वाक्यं आपल्याला चालतात. इंग्रजीत क्रियापद आणि त्याचं कर्म एकमेकांना घट्ट धरून असतात, मध्ये सहसा कुणी घुसायचं नाही. 'शी स्पीक्स इंग्लिश फ्लुएंटली' बरोबर, 'शी स्पीक्स फ्लुएंटली इंग्लिश' कानाला खटकतं. फ्रेंचमध्ये ही घुसखोरी सर्रास चालते. म्हणूनच माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातल्या भाषाशास्त्रज्ञ लिडिया व्हाइट यांनी क्वेबेकमधल्या फ्रेंचभाषक शाळकरी मुलांवर प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष १९९१ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्या मुलांना ही जागा मुद्दाम शिकवली, चुका दाखवून दिल्या, त्यांनी ती चूक सोडली. ज्यांना ते शिकवलं नव्हतं, त्यांना ती वाक्यं चूक वाटतच नव्हती. शिकवलेल्यांपैकी काही मुलांना वर्षभराने पुन्हा तपासलं, तेव्हा ते शिकणं टिकलेलं नव्हतं. शिकवणाऱ्याने वाचावी अशीच ही नोंद आहे: एकदा सांगून ही गोष्ट अंगवळणी पडत नाही.

पण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच आहे. मराठीत रंग भरतात ते क्रियाविशेषणं. बाळ खुदकन हसतं, मित्र खदखदून हसतात, आजी गालातल्या गालात हसते. क्रियापद एकच, हसणं. इंग्रजीत हा रंग बहुतेक वेळा क्रियापदातच मुरलेला असतो: गिगल, गफॉ, चकल. रमतगमत चालणं म्हणजे स्ट्रोल, पाय ओढत चालणं म्हणजे ट्रज, चवड्यांवर चालणं म्हणजे टिपटो. आपण मनातल्या वाक्याचं शब्दशः इंग्रजी करतो तेव्हा वॉक आणि लाफ यांनाच ली-वाल्या शब्दांची शेपटं लावत बसतो, आणि लिखाण जड होतं. क्रियाविशेषण लिहिण्याआधी कोशात त्या रंगाचं क्रियापद शोधावं. नसलंच, तर क्रियाविशेषण खुशाल वापरावं.

क्रियापदात मुरलेला हा रंग किती पक्का असतो, ते मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांच्या १९७४ च्या प्रयोगात दिसलं. विद्यार्थ्यांना मोटारींच्या अपघाताच्या फिल्म दाखवल्या आणि वेग विचारला. प्रश्नात 'स्मॅश्ड' म्हणजे 'धाडकन आदळल्या' हे क्रियापद असताना सरासरी उत्तर ताशी सुमारे ४० मैल आलं. 'कॉन्टॅक्टेड' म्हणजे नुसत्या 'एकमेकींना लागल्या' असं विचारल्यावर ते सुमारे ३२ वर उतरलं. फिल्म त्याच होत्या. प्रश्नात बदललं होतं ते फक्त क्रियापद.

मग क्रियाविशेषणाचं खरं बळ कुठे दिसतं? ओन्लीसारख्या शब्दांत. आणि हा धडा मराठी माणसाला आधीच येतो, कारण आपल्याकडे 'च' आहे. 'मीच आईला सांगितलं' आणि 'मी आईलाच सांगितलं' यांतला फरक पाच वर्षांच्या पोरालाही कळतो. इंग्रजीत पहिलं 'ओन्ली आय टोल्ड मदर', दुसरं 'आय टोल्ड ओन्ली मदर'. च शब्दाच्या मागून येतो, ओन्ली पुढे चालतो. 'आय ओन्ली टोल्ड मदर' बोलताना चालून जातं, कारण कुठे जोर आहे ते आवाजात कळतं. कागदावर आवाज नसतो, म्हणून तिथे ओन्ली नेमक्या शब्दाला चिकटवावा.

आपला च आणखी एक काम करतो, ते ओन्लीला जमत नाही. 'मी आईला सांगितलंच' यात 'फक्त' असा अर्थ नाही, ठामपणा आहे. इंग्रजीत तिथे 'आय डिड टेल मदर' लागतं. 'आय ॲम कमिंग टुमॉरो ओन्ली' हे आपल्याकडचं वाक्य याच गोंधळातून आलं आहे. 'उद्याच येते' या वाक्यातली खात्री ओन्लीत उतरत नाही. 'आय विल डेफिनेटली कम टुमॉरो' असं लिहिलं की उतरते. इथे ली-वाला शब्द वाक्यात हवाच.