बंद दारांचा हिशेब

मुंबईत घरोघरी सर्वेक्षण करताना चाळीत बहुधा कुणीतरी बोलायला भेटतं. टॉवरमध्ये मात्र वॉचमन खालूनच परत पाठवतो. अशा वेळी मिळालेल्या उत्तरांची नुसती सरासरी काढली, तर चाळीचं पारडं उगाच जड होतं. भारांक, म्हणजे एक उत्तर किती घरांच्या वतीने मोजायचं तो आकडा, दुरुस्त करायचे ते यासाठी.

समजा, चाळींतली ५०० आणि टॉवरमधली ५०० घरं निवडली. दर शंभर घरांतून एक निवडलं, म्हणून प्रत्येकाचा मूळ भारांक १००. उत्तरं मिळाली चाळींतून ४०० आणि टॉवरमधून २००. आता मूळ भारांकाला निवडलेल्या आणि उत्तर दिलेल्या घरांच्या गुणोत्तराने गुणायचं. चाळीसाठी १०० × ५००/४०० = १२५, टॉवरसाठी १०० × ५००/२०० = २५०. टँकरचं पाणी घेणारी घरं चाळींत १० टक्के आणि टॉवरमध्ये ४० टक्के निघाली, तर साधी सरासरी २० टक्के येते, दुरुस्तीनंतरची २५.

चाळ, टॉवर असे गट पाडण्यातच खरी कसोटी आहे. गटाची माहिती उत्तर न देणाऱ्या घराबद्दलही हाती हवी: वॉर्ड, इमारतीचा प्रकार, मजला. ती दाराबाहेरूनच टिपता येते, म्हणून बंद दाराचाही फॉर्म भरायलाच हवा. फ्लॅट रिकामाच असेल, तर तो प्रतिसाद न देणाऱ्यांत धरायचा नाही. धरला तर नसलेल्या कुटुंबाचा भार शेजाऱ्यांवर चढतो. ही चूक फार होते. गटात जेमतेम पाच-दहाच उत्तरं असतील, तर तो मिळत्याजुळत्या गटात मिसळावा.

या दुरुस्तीची किंमतही मोजावी लागते. भारांकांच्या बेरजेचा वर्ग भागिले त्यांच्या वर्गांची बेरीज, असं गणित केलं, तर वरच्या उदाहरणातली ६०० उत्तरं अचूकतेच्या दृष्टीने ढोबळमानाने ५३३ उत्तरांएवढीच भरतात.

आणि गटाच्या आत लपलेला फरक भारांकाला दिसत नाही. टॉवरमध्ये दुपारी दार उघडणारे बहुतेक निवृत्त असतील, तर २५० हा भारांक त्यांचाच आवाज मोठा करतो. दोघंही नोकरीला जाणारी जोडपी सुटतात ती सुटतातच. म्हणून संध्याकाळी आणि रविवारी पुन्हा जावं आणि कितव्या फेरीत उत्तर मिळालं, ते फॉर्मवर लिहावं. एकाच गटात तिसऱ्या फेरीची उत्तरं पहिलीपेक्षा फार वेगळी येत असतील, तर तो गट आणखी फोडायला हवा.