आई किंवा वडिलांना मणक्याच्या दुखापतीने अपंगत्व आलं तर: बेळगाव सीमाभागात कुठला कागद, कुठे आणि कधी

पाठीच्या मणक्याला मार लागून कमरेखालचा भाग लुळा पडला, तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ते हालचालींशी संबंधित दिव्यांगत्व धरलं जातं. ४० टक्के किंवा त्याहून जास्त ठरलं की बहुतेक योजना लागू होतात. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी या भागातल्या मराठी घरांना आईवडिलांसाठी काय काय करावं लागतं, ते इथे लिहितो.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. या सगळ्या कागदांवर अर्जदार बाबा किंवा आईच असतात, मुलगा-मुलगी नाही. पाय गेले म्हणून सहीचा अधिकार जात नाही. त्यांना बाजूला ठेवून "आम्हीच बघतो" म्हणणारी घरं पुढे बँकेत आणि कचेरीत अडकतात.

दवाखान्यात असतानाच

रस्त्यावरचा अपघात असेल तर एफआयआर नोंद झाला आहे का बघा आणि प्रत घ्या. गाडीच्या विम्याकडून भरपाई मागायची तर मोटार अपघात न्यायाधिकरणात सहा महिन्यांच्या आत दावा करायची तरतूद आहे. पेशंटची फिजिओथेरपी चालू असते, घरचे सगळे त्यातच गुंतलेले असतात आणि मुदत उलटून जाते. वकील लवकर गाठा.

कौलं परतताना, झाडावरून किंवा विहिरीत पडून लागलं, तर बरेच जण पोलिसांत जातच नाहीत. जा, नोंद करा. मग बाबांचं पासबुक काढा आणि मे-जूनच्या सुमारास २० रुपये वजा झालेले दिसतात का ते पाहा. दिसले, तर तो पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेचा हप्ता. १८ ते ७० वयापर्यंतच्या खातेदारासाठी असलेल्या या विम्यात अपघाताने दोन्ही पायांचा वापर कायमचा गेला तर २ लाख रुपये मिळतात. माणूस गेला तरच पैसे मिळतात, असा समज असल्यामुळे कितीतरी दावे होतच नाहीत. दावा खातं असलेल्या शाखेतच द्यायचा. पोलिसांची नोंद, दवाखान्याचे कागद आणि दिव्यांगत्वाचा दाखला लागतो. दाखला यायला वेळ लागणार, म्हणून अपघाताची लेखी खबर बँकेला पहिल्या महिन्यातच देऊन पोच घ्या.

उपचाराच्या खर्चासाठी कर्नाटकात आयुष्मान भारत आरोग्य कर्नाटक योजना आहे. बीपीएल कार्डवाल्या कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण मिळतं. एपीएलवाल्यांना खर्चाच्या ३० टक्के, तेही दीड लाखाच्या मर्यादेत. एरवी सरकारी दवाखान्याचं रेफरल लागतं, तातडीच्या वेळी थेट दाखल होता येतं.

पेशंट कोल्हापूर किंवा मिरजेला हलवला असेल तर आणखी एक विचारणा करा. महाराष्ट्र सरकारने २०२३ मध्ये सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले जन आरोग्य योजना लागू करायचा निर्णय घेतला. योजनेत असलेल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेच्या मदतनिसाचं, टेबल असतं. आपलं गाव यादीत आहे का आणि कुठले कागद लागतील, हे बिल भरायच्या आधी तिथे विचारा, नंतर नाही.

यूडीआयडी

यूडीआयडी म्हणजे सरकारी दिव्यांग ओळखपत्र. बाकी जवळजवळ सगळं या कार्डावर अवलंबून आहे. अर्ज स्वावलंबन पोर्टलवर होतो. स्वतः जमत नसेल तर गावात ग्राम वन, शहरात कर्नाटक वन या सरकारी सेवा केंद्रात भरून मिळतो. आधार, अलीकडचा फोटो, पत्त्याचा पुरावा, चालू मोबाइल नंबर, डिस्चार्ज कार्ड आणि एमआरआयचा रिपोर्ट सोबत न्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये नियम बदलले, तेव्हापासून अर्ज पोर्टलवरूनच आणि दाखला द्यायची मुदत तीन महिने. ४० टक्क्यांखाली पांढरं कार्ड, ४० ते ८० मध्ये पिवळं, ८० आणि वर निळं. ते देशभर चालतं.

तपासणीसाठी राहत्या जिल्ह्यातलं सरकारी रुग्णालय निवडता येतं, किंवा जिथे या दुखण्यावर उपचार घेतले ते सरकारी रुग्णालयही. आपल्याकडे बहुतेकांच्या वाट्याला बेळगावचं सिव्हिल, म्हणजे बिम्स येतं. घाईने दुसऱ्याच महिन्यात अर्ज केला तर डॉक्टर थांबायला सांगण्याची शक्यता जास्त, कारण दुखापत स्थिरावल्याशिवाय कायमची टक्केवारी ठरवत नाहीत. साधारण सहा महिने धरून चाला. सुधारणेची शक्यता वाटली तर मुदतीचा तात्पुरता दाखलाही देतात. त्यावरची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा.

ग्रामपंचायतीत गाव पुनर्वसन कार्यकर्ता असतो, लोक त्याला व्हीआरडब्ल्यू म्हणतात. तालुक्याला तसाच पुनर्वसन कार्यकर्ता असतो, तो एमआरडब्ल्यू. हे स्वतः दिव्यांग असतात, त्यांना कुठल्या वारी बोर्ड (तपासणी करणाऱ्या डॉक्टरांचं मंडळ) बसतो, कुठला कागद परत येतो हे पाठ असतं. एजंटकडे जायच्या आधी यांना भेटा. बेळगावात जिल्हा दिव्यांग कल्याण अधिकाऱ्यांचं कार्यालय आहे, पण सुरुवात गावातूनच केलेली बरी.

बोर्डासमोर काय सांगायचं

इथे सगळ्यात जास्त नुकसान होतं, आणि तेही लाजेपोटी. डॉक्टर फक्त पायांची ताकद बघत नाहीत. मज्जारज्जूला मार लागला की लघवी आणि शौचावरचा ताबा जातो किंवा कमी होतो, आणि मूल्यांकनात लघवीचा ताबा स्वतंत्र मोजला जातो. पण तपासणीच्या खोलीत सून उभी असते, मुलगा उभा असतो, आणि बाबा म्हणतात, "तसं बरं आहे, चालतंय." कॅथेटरची पिशवी लुंगीखाली झाकलेली. आईच्या बाबतीत तर विचारूच नका. डॉक्टरांनी विचारलं नाही आणि घरच्यांनी सांगितलं नाही, की टक्केवारी खाली येते. ७२ आणि ७५ मधला फरक दरमहा ६०० रुपयांचा आहे, तो पुढे येईलच.

म्हणून आदल्या दिवशी घरी मोकळेपणाने बोला. कॅथेटर कधीपासून, दिवसातून किती वेळा, संसर्ग किती वेळा झाला, शौच कसं होतं, संवेदना कुठून खाली नाही, हे एका कागदावर लिहा. लघवीचे डॉक्टर दाखवले असतील तर त्यांची चिठ्ठी लावा. तपासणीच्या वेळी बाबांना हवं असेल तर घरच्यांनी बाहेर थांबावं.

त्या दिवशी खुर्चीवर जाड गादी हवीच. रांगेत तासन्‌तास एकाच जागी बसून बेडसोअर होतो आणि तो भरायला महिने लागतात. दर पंधरा-वीस मिनिटांनी भार बदलून द्या. पिशवी भरली का, नळी मुडपली का बघत राहा. छातीच्या मध्यापासून वर इजा असेल तर तुंबलेल्या लघवीने रक्तदाब एकदम धोकादायक चढू शकतो. डोकं ठणकायला लागलं, चेहऱ्याला घाम फुटला, तर ताबडतोब ताठ बसवा, नळी तपासा आणि तिथल्या डॉक्टरला बोलवा. नंबर गेला तर गेला.

पेन्शन

कर्नाटकात दिव्यांग पेन्शन महसूल खात्याकडून मिळते आणि अर्ज होबळीच्या (तालुक्यातल्या काही गावांच्या महसुली गटाच्या) नाडकचेरीत होतो. ४० टक्क्यांपासून ८०० रुपये, ७५ टक्के किंवा वर असेल तर १,४००. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ३२,००० च्या आत हवं, म्हणजे महिन्याला २,७०० सुद्धा नाही. मुलगा नोकरीला असलेल्या एकत्र घराने या मागे फार धावू नये. यूडीआयडी, आधार, रेशन कार्ड, उत्पन्नाचा दाखला, रहिवास, बँक पासबुक आणि फोटो एवढं लागतं. तलाठी घरी येऊन चौकशी करतो, सर्कल अधिकाऱ्याचा अहवाल जातो. अर्जाची पोच आणि नंबर घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका. सकाल कायद्याखाली (सरकारी कामं वेळेत करून देण्याचा कर्नाटकाचा कायदा) ठरलेल्या मुदतीत काम झालं नाही तर अपील त्या नंबरावरच होतं.

बाबांना आधीच संध्या सुरक्षेचे, म्हणजे म्हातारपणाच्या पेन्शनचे, १,२०० मिळत असतील तर दोन्ही पेन्शन एकत्र चालत नाहीत. दिव्यांगत्व ७५ टक्के किंवा वर असेल तर बदलून २०० जास्त मिळतील, पण जुनी बंद होऊन नवी सुरू होईपर्यंत मध्ये खंड पडतो का, हे नाडकचेरीत विचारून मगच ठरवा. आई जखमी असेल आणि रेशन कार्डावर कुटुंबप्रमुख असेल, तर कुटुंबप्रमुख बाईला मिळणारे गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याचे २,००० वेगळे. "आता ती अंथरुणात आहे" म्हणून प्रमुखपदावरून तिचं नाव काढायची घाई करू नका.

नाव आणि भाषा

पैसे आधार जोडलेल्या खात्यात येतात, आणि आपल्याकडची निम्मी प्रकरणं नावावरच अडतात. आधारवर आडनाव आहे, रेशन कार्डावर कन्नडात नुसतं नाव आणि वडिलांचं नाव, उताऱ्यावर तिसरंच काही. यूडीआयडीचा अर्ज भरायच्या आधी आधार दुरुस्त करून घ्या, मग सगळं त्याप्रमाणे.

अर्ज कन्नडमध्ये असतो. शेजारच्या शाळेत जाणाऱ्या पोराकडून भरून घ्या, पण सही करायच्या आधी बाबांना मराठीत वाचून दाखवा. गाऱ्हाणं मराठीत द्यायचा हक्क घटनेच्या ३५० व्या कलमाने दिला आहे आणि गरज पडली तर तो वापरावा. पेन्शनचा साधा अर्ज मात्र मला त्या लढाईचं मैदान वाटत नाही.

सही, अंगठा, मुखत्यारपत्र

मानेत इजा असेल तर हातही चालत नाहीत. अशा खातेदारासाठी रिझर्व्ह बँकेच्या सूचना स्पष्ट आहेत: हाताच्या किंवा पायाच्या अंगठ्याचा ठसा चालतो, बँकेच्या ओळखीचे दोन साक्षीदार लागतात आणि त्यातला एक बँकेचाच जबाबदार अधिकारी हवा. अंगठाही उठत नसेल तर खूण चालते. मॅनेजर नाही म्हणाला तर नकार लेखी मागा.

काही एजंट "पालकत्वाचा दाखला काढा, मग सगळं तुमच्या सहीने होईल" म्हणून पैसे उकळतात. राष्ट्रीय न्यास कायद्याचं पालकत्व स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक आणि बहुविकलांगतेसाठी आहे. शुद्धीत असलेल्या, नुसते पाय गेलेल्या बापासाठी नाही. बाबांनाच वाटलं तर ते मुखत्यारपत्र करून देऊ शकतात. नोंदणीसाठी त्यांना उचलून सब-रजिस्ट्रार कचेरीत न्यायची गरज नाही. शारीरिक असमर्थता असेल तर अधिकाऱ्याने घरी येऊन नोंदणी करण्याची सोय १९०८ च्या नोंदणी कायद्यात आहे, तसा अर्ज द्यायचा.

बाकीचं थोडक्यात

व्हीलचेअर केंद्राच्या एडिप योजनेतून शिबिरात मिळते. ४० टक्क्यांचा दाखला आणि उत्पन्नाचा दाखला न्या. खुर्ची घरच्या दरवाजातून आत जाते का, हे आधी मोजा. बाबा उद्यमबागच्या कारखान्यात असताना पडले असतील तर ईएसआयकडे (कामगार विमा) कायम अपंगत्वाचा लाभ मागा, आणि पीएफ कापला जात असेल तर कायमचं पूर्ण अपंगत्व आल्यास एका महिन्याच्या वर्गणीवरही ईपीएसची (पीएफसोबतच्या पेन्शन योजनेची) पेन्शन लागू होते.

नोकरदार मुलांनी जुनी करपद्धत घेतली असेल तर अवलंबून असलेल्या दिव्यांग आईवडिलांसाठी ७५,००० रुपयांची वजावट मिळते, ८० टक्के किंवा वर असेल तर १,२५,०००. नव्या पद्धतीत ती नाही. रेल्वेत सोबतीशिवाय प्रवास करू न शकणाऱ्या अशा पेशंटला स्लीपर आणि थर्ड एसीत ७५ टक्के सवलत आहे, सोबत्यालाही तेवढीच. त्यासाठी रेल्वेचं वेगळं ओळखपत्र लागतं. बेळगाव आणि खानापूर स्टेशन हुबळी विभागात येतात, ऑनलाइन अर्ज करताना तोच विभाग निवडा.