चाराचे आठ, आठाचे चार

‘घरात तांब्याचं जुनं नाणं आहे? लाखो मिळतील!’ असे फॉरवर्ड अधूनमधून फिरतात. नुसतं जुनं असून नाणं महाग होत नाही. सतराव्या शतकातल्या स्पेनने तांब्याची नाणी एवढी पाडली, की त्यांतली साधी नाणी आजही किरकोळ भावात मिळतात. मला तरीही त्यांचं वेड आहे, कारण एकेका नाण्यावर दोन-दोन, तीन-तीन किमती ठोकलेल्या सापडतात.

तिथे चांदीचा एक रेआल म्हणजे 34 मारावेदी. पाव, भाजीपाला अशी रोजची खरेदी या मारावेदीतच चाले. बहुतेक टाकसाळींत नाणं पाडायची रीत जुनीच: पत्रा कातरून चकती काढायची, खालचा ठसा ठोकळ्यात रोवलेला, वरचा हातात धरलेला, आणि वरून हातोडा. चार मारावेदींच्या नाण्याला मेहनत मात्र रेआलइतकीच. मग चिल्लरीसाठी कोण जीव तोडणार? चकती वेडीवाकडी, निम्मी अक्षरं काठाबाहेर.

1603 मध्ये स्पेनचा राजा तिसऱ्या फिलिपने जुनी, जड नाणी परत मागवली आणि त्यांवर रोमन आकडे ठोकून चाराचे आठ केले. लोकांना मूळ रकमेइतकीच नाणी परत मिळाली, उरलेली निम्मी खजिन्यात गेली.

आता खरी गंमत. तांब्यात अणूंच्या रांगा असतात आणि त्या रांगांत दोष असतात. घाव बसला की हे दोष सरकतात, म्हणून धातू पसरतो. पण प्रत्येक घावासरशी नवे दोष जन्मतात, एकमेकांत गुंततात, आणि सरकणं अवघड होत जातं. तांबं कडक होतं. पुण्याचे तांबट भांडं मठारतात ते यासाठीच. लाल होईपर्यंत तापवलं की नवे स्फटिक वाढतात, गुंता सुटतो, तांबं पुन्हा मऊ. अशा कडक झालेल्या नाण्यावर पूर्ण चित्र थंडपणी उमटवायला फार जोर लागतो. आकड्याचा ठसा मात्र चिमुकला. तोच घाव थोड्या क्षेत्रावर एकवटतो, दाब कैक पटींनी वाढतो आणि ठसा रुततो. नाणं उलटून पाहा: आकड्याच्या बरोबर मागे जुनी नक्षी चेपलेली दिसेल.

पण एवढासा ठसा कोरायला टाकसाळ कशाला हवी? बनावट आकडे ठोकणारे निघाले, परदेशातून तांब्याची खोटी नाणी चोरून येऊ लागली, आणि चांदी बाजारातून गायब झाली. हा प्रजेला न विचारता लादलेला करच आहे, असं हुआन दे मारियाना या पाद्र्याने 1609 मध्ये लिहिलं. त्याला कैदेत टाकलं. 1628 मध्ये सरकारने तांब्याच्या नाण्यांची किंमत एका फटक्यात निम्मी केली, आणि 1636 मध्ये पुन्हा आकडे ठोकून चाराचे बारा.