जगाचा नकाशा आणि ‘आकार’ या शब्दाचा घोळ

मोबाइलवर घोडबंदर रोडचा ट्रॅफिक बघून झाल्यावर दोन बोटांनी नकाशा लहान करत जा. अनेक नकाशांत शेवटी आफ्रिकेएवढं ग्रीनलँड समोर येतं. प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या चौदा पट आहे, आणि आपला भारतसुद्धा दीडपट.

गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरवण्याच्या पद्धतीला प्रक्षेपण म्हणतात; या नकाशांतलं मर्केटर प्रक्षेपण आकार बिघडवतं, असं आपण यावर सहज म्हणतो. घोळ तिथेच होतो. ‘गोल आकार’ म्हणताना आपल्या मनात घाट असतो, ‘आकाराने मोठा’ म्हणताना व्याप. मर्केटर लहान भागाचा घाट चोख राखतं, कारण त्यात कोन बदलत नाहीत. फुगतं ते क्षेत्रफळ. विषुववृत्ताच्या तुलनेत ठाण्याच्या १९ अक्षांशावर ही फूग जेमतेम १२ टक्के, ६० अक्षांशावर थेट चौपट. म्हणून या चर्चेत ‘आकार’ शब्द टाळून ‘घाट’ आणि ‘क्षेत्रफळ’ असे दोन वेगळे शब्द वापरावेत, असं मला मनापासून वाटतं. समक्षेत्र, म्हणजे क्षेत्रफळाचं प्रमाण खरं राखणाऱ्या, नकाशाने ‘आकार सुधारला’ असं लिहिलं, तर त्यात ताणला गेलेला घाट झाकला जातो.

१५६९ सालचा मर्केटर नकाशा दर्यावर्दींसाठी होता: होकायंत्राची एकच दिशा धरून जायचा मार्ग त्यावर सरळ रेषेत येतो. पुढे तो वर्गांच्या भिंतींवर चढला आणि युरोप आहे त्याहून थोर दिसू लागला. १९७३ मध्ये एका जर्मन इतिहासकाराने समक्षेत्र नकाशा न्यायाचा प्रश्न म्हणून मांडला. तसाच नकाशा एका स्कॉटिश धर्मोपदेशकाने १८५५ मध्येच सुचवला होता. त्यात विषुववृत्ताजवळचे देश उभे ओढल्यासारखे दिसतात, पण क्षेत्रफळ खरं. बोस्टनच्या सरकारी शाळांनी २०१७ मध्ये तोच वर्गात आणला.

ऑनलाइन नकाशांनी मात्र २००५ नंतर मर्केटरच उचललं. कारण साधं आहे: वाशीतला काटकोनी चौक काटकोनीच दिसतो आणि दूर उत्तरेतल्या ऑस्लोतलाही. रस्ता शोधायला ते योग्यच. जग दाखवायला नाही.

२०१८ मध्ये घाट फार न ताणता क्षेत्रफळ राखणारं नवं प्रक्षेपण आलं. ऑगस्ट २०२५ मध्ये आफ्रिकी देशांच्या संघटनेने ज्या मोहिमेला पाठिंबा दिला, ती याच नकाशाचा आग्रह धरते. त्यावर ग्रीनलँड एकट्या काँगो लोकशाही प्रजासत्ताकापेक्षाही लहान दिसतं.