मधली चार घरं आणि हायपरमॉडर्नवाल्यांचं भांडण

आज बुद्धिबळात काळ्याने उंट कोपऱ्याजवळच्या जी७ या घरात नेऊन बसवला आणि मधली सगळी घरं समोरच्याला आंदण दिली तरी कोणी काही बोलत नाही, किंग्ज इंडियन नावाचं ओपनिंग, म्हणजे डावाची सुरुवात, खेळतोय एवढंच म्हणतात. शंभरेक वर्षांपूर्वी मात्र असं खेळणाऱ्याला ओपनिंगच कळत नाही असं तोंडावर सांगितलं जायचं. सांगणाऱ्यांत सगळ्यात मोठा आवाज झीगबर्ट टाराशचा. हा पेशाने डॉक्टर, पण पहिला जगज्जेता स्टाइनिट्झ याचे विचार त्याने पार नियमावली करून मांडले, म्हणजे मधे प्यादी टाका, मोहरे लवकर बाहेर काढा, अडचणीची पोझिशन घेऊ नका. नियम वाईट नव्हते हो, नवशिक्यांना आजही तेच शिकवतात. पण त्यांचं सोवळं फार झालं होतं.

रीगाचा ॲरन निमझोविच १९१३ साली व्हिएन्नाच्या एका बुद्धिबळ मासिकात टाराशच्या पुस्तकावर तुटून पडला. यात तत्त्व किती आणि जुना राग किती हे सांगणं अवघड, दोघांचं आधीपासूनच पटत नव्हतं. गंमत म्हणजे पुढच्याच वर्षी सेंट पीटर्सबर्गच्या स्पर्धेत टाराशने दोन्ही उंट बळी देऊन त्याला असा काही हरवला की तो डाव अजून दाखवतात.

मग महायुद्ध झालं आणि त्यानंतर रेटी, ब्रेयर, ग्रुनफेल्ड, टार्टाकोवर ही नव्या विचारांची खेळाडू मंडळी पुढे आली. ब्रेयर बिचारा १९२१ मधेच गेला, जेमतेम २८ वर्षांचा. 'हायपरमॉडर्न' हे नाव टार्टाकोवरचं. यांना सेंटर, म्हणजे पटाची मधली चार घरं, नको होतं असं बरेच जण समजतात, ते साफ चूक. सेंटर हवंच होतं, पण तिथे स्वतःची प्यादी उभी न करता लांबून उंट-घोड्यांनी ताबा ठेवायचा, समोरच्याला प्यादी पुढे ढकलू द्यायची आणि मग त्याच प्याद्यांवर हल्ला करायचा, कारण प्यादं एकदा पुढे गेलं की मागे येत नाही. १९२१ मधे बुडापेस्टला अलेखिनने पहिल्याच चालीत घोडा बाहेर काढून प्याद्यांना त्याच्या मागे धावायला लावलं, पुढच्या वर्षी ग्रुनफेल्डचा डिफेन्स, म्हणजे काळ्याने खेळायचं त्याचं ओपनिंग, आला.

आला म्हणजे युरोपात आला. कलकत्त्यात महेशचंद्र बंदोपाध्याय जॉन कॉकरेन या खेळाडूविरुद्ध १८५५ मधे ग्रुनफेल्डचा हाच डिफेन्स खेळले होते, म्हणून तर अशा सगळ्या ओपनिंगच्या कुटुंबाला इंडियन डिफेन्स म्हणतात. आपल्याकडच्या जुन्या खेळात प्यादं पहिल्या चालीला दोन घरं जात नसे, त्यामुळे एकेक घर सरकवत उंट कोपऱ्यातून बाहेर काढणं त्यांच्या अंगवळणी पडलं असणार असं मला वाटतं. हायपरमॉडर्नच्या गोष्टीत हे नाव एवढं कमी का येतं, देव जाणे.

नव्या विचाराचा खरा डंका वाजला १९२४ ला न्यूयॉर्कमधे. तेव्हाचा जगज्जेता कॅपाब्लांका १९१६ पासून एकही डाव हरला नव्हता, त्याला रेटीने दोन्ही उंट कोपऱ्यांतून रोखून हरवलं. स्पर्धा मात्र जिंकली ५५ वर्षांच्या माजी जगज्जेत्या लास्करने, रेटी पाचवा. म्हणजे क्रांती झाली पण बक्षीस जुन्या माणसालाच! १९२७ च्या जगज्जेतेपदाच्या मॅचमधे तर अलेखिन आणि कॅपाब्लांका ३४ पैकी ३२ डाव टाराशच्या काळातलंच क्वीन्स गॅम्बिट डिक्लाइन्ड हे ओपनिंग खेळत बसले.

किंग्ज इंडियनला खरी इज्जत मिळवून दिली ती १९४० च्या दशकात बोलेस्लाव्स्की आणि ब्रॉन्स्टाइन या सोव्हिएत खेळाडूंनी. काळ्याच्या त्या चेपलेल्या दिसणाऱ्या पोझिशनमधे केवढा दारूगोळा भरलाय हे त्यांनी डावामागून डाव खेळून दाखवलं. आणि १९७२ च्या जगज्जेतेपदाच्या मॅचमधे तेराव्या डावात फिशरने स्पास्कीसमोर चक्क अलेखिनचा डिफेन्स काढला, जिंकला पण.